सॉल्सबरी–सुदान: तुटायला पुष्कळ कारणं असलेलं एक नातं

फेब्रुवारी 2023 मधल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. 3 ते 5 तारखेला दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबामध्ये, पोप फ्रान्सिस, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे मॉडरेटर इयन ग्रीनशील्ड्स एकत्र आले. यादवीने होरपळलेल्या देशात शांततेसाठी तिघांनी मिळून काढलेली ही यात्रा होती आणि तिथल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख होते आर्चबिशप जस्टिन बाडी अरामा. त्याच महिन्याच्या 20 तारखेला, याच बाडी अरामांच्या अध्यक्षतेखालच्या ‘ग्लोबल साउथ’ गटाने, म्हणजे मुख्यतः आफ्रिका-आशियातल्या परंपरावादी अँग्लिकन चर्चच्या गटाने, जाहीर केलं की वेल्बींना यापुढे अँग्लिकन परिवाराचे ‘समानांमधले पहिले’ मानता येणार नाही. मधल्या दिवसांत, 9 तारखेला, लंडनमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने, म्हणजे निर्णय घेणाऱ्या सर्वोच्च सभेने, समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना मार्ग मोकळा करून दिला होता.

चर्च ऑफ इंग्लंडच्याच एका धर्मप्रांताचं (म्हणजे एका बिशपाच्या देखरेखीखालच्या भागाचं), सॉल्सबरीचं, सुदानच्या अँग्लिकन मंडळीशी तेव्हा सुमारे पन्नास वर्षांचं नातं होतं. वरच्या पातळीवर एवढी मोठी फारकत जाहीर होऊनही ते तुटलं नाही. त्याआधीही ते तुटायची वेळ अनेकदा आली होती: दोन यादवी युद्धं, सुदानी चर्चमधली फूट, देशाचेच दोन तुकडे. एवढं सगळं होऊन ते टिकलं कसं, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे नातं बिशपांच्या निवेदनांवर उभं नव्हतं. ते औषधांच्या खोक्यांवर, शाळेच्या फियांवर आणि एकमेकांची नावं घेऊन केलेल्या प्रार्थनांवर उभं होतं. शिवाय ज्या मंडळीशी ते जोडलं गेलं, ती त्याआधीच स्वतःच्या पायावर उभी राहिलेली होती.

अँग्लिकन परिवाराची रचना माहीत नसेल तर पुढचं नीट लागत नाही, म्हणून थोडं तिच्याबद्दल. या परिवारात पोप नाही. प्रत्येक देशाचं किंवा प्रदेशाचं चर्च, ज्याला प्रॉव्हिन्स म्हणतात, आपला कारभार आपण पाहतं. साधारण दर दहा वर्षांनी जगभरचे बिशप लॅम्बेथ परिषदेला जमतात, पण तिथले ठराव कुणावर बंधनकारक नसतात. आपल्याकडे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन चर्चही विलीन झालं, त्यामुळे मुंबई, नाशिक, पुणे, नागपूरच्या सीएनआय मंडळ्याही याच परिवारात मोडतात. अशा सैल रचनेत माणसांना माणसांशी बांधून ठेवतो तो हुकूम नव्हे, ओळख. धर्मप्रांताने धर्मप्रांताशी जोडून घेण्याची पद्धत यातूनच आली.

त्या पद्धतीला रूप मिळालं 1963 मध्ये, टोरांटोच्या अँग्लिकन काँग्रेसमध्ये. वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत होत्या. देणारी चर्च आणि घेणारी चर्च ही जुनी विभागणी कुणाला पटेनाशी झाली होती. परस्पर जबाबदारी आणि परस्परावलंबन असा जाहीरनामा तिथे मांडला गेला. पाच वर्षांत दीड कोटी डॉलर जास्तीचे उभे करायचे, हेही त्यात होतं. पण त्यातला खरा टोकदार भाग पैशांचा नव्हता. प्रत्येक चर्चने स्वतःला विचारायचं होतं: आपण द्यायला तयार आहोत, तसे घ्यायलाही तयार आहोत का? सॉल्सबरीच्या प्रकरणात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि त्याचं उत्तर प्रत्येक वेळी समाधानकारक मिळत नाही.

आता सुदान. दक्षिण सुदानमध्ये अँग्लिकन काम सुरू केलं ते चर्च मिशनरी सोसायटीने. (नाशिकच्या शरणपुरात गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना वाढवणारी संस्था हीच. त्यातली काही मुलं पुढे शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेली.) 1905 मध्ये बोरजवळच्या मालेक इथे नाईलच्या काठावर ठाणं पडलं. पन्नास वर्षांत तिथे फार मोठी मंडळी उभी राहिली नाही. डिंका लोक गुरांमागे फिरणारे. शाळेत आणि चर्चमध्ये त्यांच्यातले थोडेच आले. 1955 मध्ये डॅनियल डेंग अटोंग हे पहिले सुदानी बिशप झाले. त्याच वर्षी सुदानच्या उत्तर आणि दक्षिण भागांतलं पहिलं यादवी युद्ध पेटलं आणि 1964 मध्ये खार्टूमच्या सरकारने दक्षिणेतल्या परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं.

हा या प्रकरणातला सर्वांत निर्णायक क्षण आहे असं मी मानतो, आणि तो नातं जुळण्याच्या आधीचा आहे. मिशनरी गेले, पैसा आटला, गावं जळाली, माणसं झाडीत आणि युगांडा-काँगोच्या छावण्यांत पांगली. तरी उपासना थांबली नाही. बाप्तिस्मे होत राहिले, पाळक घडत राहिले, तेही बाहेरच्या कुणाच्याही देखरेखीशिवाय. 1972 मध्ये आदिस अबाबात समझोता झाला. त्या बोलण्यांत मध्यस्थी करणारे बर्जेस कार हे लायबेरियाचे अँग्लिकन पाळक होते आणि अखिल आफ्रिका चर्च परिषदेचे सरचिटणीस. बंदुका शांत झाल्यावर सॉल्सबरी सुदानशी जोडलं गेलं, तेव्हा समोर आठ वर्षं एकटीने तग धरलेली मंडळी होती. 1976 मध्ये ती जुबा, ओमदुरमान, रुम्बेक आणि याम्बियो अशा चार धर्मप्रांतांची स्वतंत्र प्रॉव्हिन्स झाली आणि एलिनाना न्गलामू पहिले आर्चबिशप झाले. मिशनची घडी जशीच्या तशी असताना हेच नातं जुळलं असतं, तर सॉल्सबरी हे त्या मिशनचं नवं कार्यालय होऊन बसलं असतं, असं मला वाटतं.

सॉल्सबरीचा धर्मप्रांत म्हणजे दक्षिण इंग्लंडातले विल्टशर आणि डॉर्सेट: शेतं, मेंढ्या, लष्कराच्या छावण्या आणि तेराव्या शतकातलं कॅथेड्रल, ज्याचा 123 मीटरचा मनोरा ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच आहे. या धर्मप्रांताने नातं फक्त बिशपांच्या घरात ठेवलं नाही. इंग्लंडातल्या धर्मप्रांतात शेजारच्या मंडळ्यांचे गट असतात, त्यांना डीनरी म्हणतात. सॉल्सबरीच्या एकेका डीनरीला सुदानचा एकेक धर्मप्रांत जोडून दिला गेला. विल्टशरच्या एखाद्या खेड्यातल्या चाळीस-पन्नास माणसांच्या मंडळीला ‘आफ्रिकेसाठी प्रार्थना करा’ असं मोघम सांगावं लागत नाही. त्यांच्यापुढे एक गाव असतं, एक बिशप असतो, तिथल्या मदर्स युनियनच्या, म्हणजे अँग्लिकन महिला संघटनेच्या, बायकांची नावं असतात. आर्चबिशप बदलले, बिशप निवृत्त झाले, तरी खालच्या या गाठी तशाच राहतात. वरची एक मोठी गाठ सुटली तरी खालच्या अनेक बारक्या गाठी आपापल्या जागी घट्ट असतात. माझ्या मते टिकण्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण औषधं. या नात्याची वैद्यकीय शाखा धर्मप्रांतांच्या दवाखान्यांना औषधं पुरवते. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण दक्षिण सुदानच्या मोठ्या भागात जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, कापसाची. पावसाळ्यात ती फुगते, गाडीची चाकं आसापर्यंत रुततात आणि कच्चे रस्ते काही महिने बंदच पडतात. पावसाच्या आत औषध पोहोचलं नाही, तर पुढचे महिने दवाखान्याची मांडणी रिकामी राहते. आणि मलेरिया वाढतो तो नेमका त्याच दिवसांत. त्यामुळे पैसा कधी गोळा करायचा, खरेदी कधी करायची, माल कोणत्या महिन्यात हलवायचा, हे सगळं तिथल्या पावसाकडे पाहून ठरवावं लागतं. लंडनमधलं मदतसंस्थेचं आर्थिक वर्ष आणि डॉर्सेटमधल्या चर्चचा जत्रेचा मोसम यांना त्यात फारसा अर्थ उरत नाही. असं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाला समोरच्याच्या कॅलेंडरने जगायची सवय लागते, आणि ती सवय परिसंवादात बसून लागत नाही.

औषधांच्या जोडीला शिक्षण आहे: शाळा, शिक्षकांचं प्रशिक्षण, पाळक होऊ पाहणाऱ्यांच्या शिष्यवृत्त्या. बिशप ग्विन कॉलेज ही तिथली पाळक घडवणारी मुख्य संस्था. ती मुंद्रीत होती, दुसऱ्या यादवी युद्धात तिला जुबाला हलावं लागलं. दक्षिण सुदानमध्ये बहुतेक पाळकांना पगार नाही. शेती किंवा गुरं सांभाळून ते मंडळी सांभाळतात. अशा माणसाला दोन वर्षं शिकायला पाठवायचं, तर मागे घरची नांगरणी कोण करणार हाही प्रश्न शिष्यवृत्तीच्या हिशेबात धरावा लागतो.

1983 मध्ये दुसरं युद्ध पेटलं आणि ते 2005 पर्यंत चाललं. भेटीगाठी जवळपास थांबल्या. पत्रं पोहोचायला महिने लागत. काही बिशपांना नैरोबी-कंपालातून काम पाहावं लागलं. आणि याच काळात असं काही घडलं ज्याची ना मिशनला कल्पना होती, ना सॉल्सबरीला: डिंका लोक झुंडीने ख्रिस्ती झाले. बोर भागात बिशप नथानिएल गरांग देश न सोडता लोकांबरोबर राहिले. 1991 मध्ये बोरमध्ये कत्तल झाली, हजारो माणसं गुरांसह दक्षिणेकडे पळाली. त्या पळापळीत, छावण्यांत, झाडांखाली मंडळ्या उभ्या राहिल्या. उपदेश करणाऱ्यांत बायका होत्या, विशीतली पोरं होती. डिंका भाषेत शेकडो नवी गीतं रचली गेली, त्यांतली पुष्कळशी बायकांनी. मोठमोठ्या लाकडी क्रुसांना बंदुकीच्या गोळ्यांची रिकामी पुंगळी ठोकून ते हातात धरून माणसं मिरवणुकीने चालत. बाहेरून फारशी मदत नसताना हे घडलं. टोरांटोचा प्रश्न इथे प्रत्यक्ष उभा राहतो. विल्टशरच्या ओस पडत चाललेल्या बाकांना बोरकडून काय शिकता येईल? सॉल्सबरीत येणारे सुदानी बिशप तिथे उपदेश करतात, त्यांचं भरल्या डोळ्यांनी ऐकलंही जातं. पण ऐकणं निराळं आणि ऐकून आपली पद्धत बदलणं निराळं. हे बदलणं किती झालं, याबद्दल मी समाधानी नाही.

त्याच युद्धात आणखी एक परीक्षा झाली. 1986 मध्ये आर्चबिशप न्गलामू यांच्या निवृत्तीवरून चर्चमध्ये दोन गट पडले आणि समेट व्हायला काही वर्षं गेली. कुठल्याही भागीदाराला अशी वेळ सर्वांत नकोशी असते. पैसे ज्याच्या हातात द्यावेत, त्याची बाजू घेतल्यासारखं होतं. न द्यावेत तर भुकेल्यांची पंचाईत. अशा वेळी डीनरी–धर्मप्रांत रचना उपयोगी पडते, कारण गावच्या दवाखान्याला दिलेलं औषध गादीच्या भांडणात कुणाचं पारडं जड करत नाही.

2005 ला शांतता करार, 2011 च्या जानेवारीत सार्वमत, त्यात जवळपास 99 टक्के कौल स्वातंत्र्याच्या बाजूने, आणि 9 जुलैला दक्षिण सुदान हा नवा देश. चर्च मात्र काही वर्षं दोन देशांत एकच राहिलं. ते शहाणपणाचं होतं, कारण उत्तरेत उरलेली ख्रिस्ती मंडळी, विशेषतः नुबा डोंगरातली, एकाकी पडली असती. तिथे कादुग्लीत 2011 च्या जूनमध्ये लढाई पेटली तेव्हा बिशपांचं घर आणि कॅथेड्रल हल्ल्यात सापडलं. शेवटी 30 जुलै 2017 रोजी वेल्बींच्या उपस्थितीत खार्टूममध्ये सुदानची वेगळी प्रॉव्हिन्स झाली आणि इझिकिएल कोंडो तिचे आर्चबिशप झाले. सॉल्सबरीने दोघांपैकी एक निवडला नाही. नातं दोन्ही प्रॉव्हिन्सशी चालू राहिलं.

नव्या देशाचा आनंद अडीच वर्षंही टिकला नाही. 2013 च्या डिसेंबरात जुबात पेटलेलं भांडण डिंका आणि नुएर या दोन जमातींच्या हाणामारीत बदललं. बोर शहराचा ताबा अनेकदा बदलला. सेंट अँड्र्यू कॅथेड्रलच्या आवारात आसऱ्याला आलेल्या बायकांना मारून टाकलं गेलं. त्यात चर्चचं काम करणाऱ्या बायका होत्या. जानेवारीच्या शेवटी वेल्बी तिथे गेले आणि सामूहिक दफनभूमीवर त्यांनी प्रार्थना केली.

आता समलिंगी संबंधांच्या प्रश्नाकडे येतो. इथे दोन्ही बाजूंना जपून मांडायला हवं. 2003 मध्ये अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चने, उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांना बिशप केलं. नायजेरिया, युगांडा या प्रॉव्हिन्सनी त्या चर्चशी सहभागिता तोडली. युगांडाने अमेरिकी चर्चचे पैसेही नाकारले. सुदानचं मत युगांडाहून वेगळं नव्हतं. 2008 च्या लॅम्बेथ परिषदेत आर्चबिशप डॅनियल डेंग बुल यांनी रॉबिन्सन यांनी पद सोडावं अशी जाहीर मागणी केली. पण फरक असा की युगांडा, नायजेरिया, रवांडाने त्या परिषदेवर बहिष्कार घातला होता आणि सुदानचे बिशप तिथे जाऊन, समोर बसून बोलले. आपल्या देशात मुसलमान बहुसंख्येत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांना या निर्णयाची झळ बसते, हेही त्यांनी सांगितलं.

2013 च्या मे महिन्यात सॉल्सबरीचेच बिशप निकोलस होल्टम यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने जाहीर पत्र लिहिलं. गुलामगिरी आणि वर्णभेदाचं समर्थनही कधीकाळी बायबलातूनच केलं जात होतं, असं त्यांनी त्यात लिहिलं. ज्याच्याशी चाळीस वर्षांची जवळीक, त्याच घरातून आलेला हा सूर जुबाला कसा वाटला असेल, हे सांगायला नको. तरी औषधं गेली, पाळक शिकत राहिले. मला यात दोघांचाही मोठेपणा दिसतो. सॉल्सबरीने ‘तुमचं मत बदला, मगच मदत’ असं म्हटलं नाही. सुदाननेही ‘तुमचा बिशप गप्प बसवा, मगच आम्ही घेऊ’ असं म्हटलं नाही. कुणीही आपलं मत लपवलं नाही, मवाळही केलं नाही. मतभेद मिटवण्याची अट न घालता चालणारी भागीदारी बघायची असेल, तर ती इथे आहे.

युगांडाने पैसा नाकारला, त्यामागचा स्वाभिमान मला समजतो. ज्यांच्याकडून घेतो त्यांना आपण मिंधे होतो, ही भीती खोटी नाही. पण नाकारण्याची किंमत आर्चबिशप मोजत नाहीत, दवाखान्याच्या दारातली बाई मोजते. हा हिशेब दोन्ही पारड्यांत ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.

दुबळे भाग आहेत, आणि ते मोठे आहेत. पैसा आजही एकाच दिशेने वाहतो. 1993 मध्ये अँग्लिकन परिवाराने भागीदारीची दहा तत्त्वं मांडली. पुढाकार स्थानिक मंडळीचा असावा, पारदर्शकता दोन्हीकडून असावी, असं त्यांत आहे. पण हिशेब मागायचा हक्क बहुतेक देणाराच वापरतो. जुबाहून कुणी डॉर्सेटच्या चर्चला विचारत नाही की तुमच्या छपराच्या निधीत किती पडून आहेत. दुसरं, भेटींचं. इंग्रज माणूस जुबाला जाऊ शकतो, पण सुदानी पाळकाला ब्रिटिश व्हिसासाठी महिनोन्महिने कागदपत्रं जमवावी लागतात आणि नकाराची टांगती तलवार असतेच.

तिसरा प्रश्न कमी बोलला जातो. 1976 मधले चार धर्मप्रांत वाढत वाढत एकट्या दक्षिण सुदानमध्ये आता पन्नासच्या वर गेले आहेत. मंडळी वाढली म्हणून हे झालं, पण प्रत्येक जमातीला आपला बिशप हवा होता हेही खरं आहे. विल्टशर-डॉर्सेटच्या डीनऱ्या मोजक्या. ज्या धर्मप्रांताला भागीदार मिळाला त्याला दवाखाना, ज्याला नाही मिळाला त्याला वाट. शेजारच्या दोन जमातींत आधीच तेढ असताना ही तफावत चर्चच्या हातून निर्माण होऊ नये. औषधं एका ठिकाणी जमा करून गरजेप्रमाणे वाटण्याचं काम प्रॉव्हिन्सच्या हाती जास्त असायला हवं, मग त्यात विल्टशरच्या खेड्याला ‘आपल्या’ बिशपाचं पत्र थोडं उशिरा मिळालं तरी चालेल. पण वर ज्या जवळिकीचं मी कौतुक केलं, तिलाच यामुळे धक्का लागतो. या दोन गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

15 एप्रिल 2023 रोजी खार्टूममध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई सुरू झाली. ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात अडकलेले आर्चबिशप कोंडो शेवटी पोर्ट सुदानला निघून गेले, कॅथेड्रल आरएसएफच्या ताब्यात गेलं. लाखो माणसं सीमेजवळच्या रेंक गावाच्या वाटेने दक्षिण सुदानमध्ये उतरली. त्यांतले कित्येक दक्षिणेच्या युद्धातून पळून उत्तरेत गेलेलेच होते. बाकीचे इजिप्त, चाड, युगांडात पांगले. डीनरी–धर्मप्रांत ही सगळी रचना धर्मप्रांत एका जागी असतो असं धरून बांधलेली आहे. आज खार्टूमच्या मंडळीचे काही लोक पोर्ट सुदानला, काही कैरोत आणि काही युगांडातल्या वस्त्यांत आहेत. तिथे काम करायचं तर यजमान प्रॉव्हिन्सच्या बिशपाची परवानगी लागते, आणि युगांडाच्या चर्चचे इंग्लंडशी संबंध ताणलेले आहेत. सॉल्सबरीचा पैसा तिथे थेट जाऊ शकणार नाही. सुदानी पाळकांच्या हातून, सुदानच्या प्रॉव्हिन्सच्या नावाने जाऊ शकेल. त्यासाठी कोणत्या मंडळीतली किती कुटुंबं कुठे आहेत, याची यादी आधी सुदानी पाळकांनी करायला हवी आणि त्या यादीच्या कामाचा खर्च सॉल्सबरीने औषधांच्या खर्चाइतकाच महत्त्वाचा मानून उचलायला हवा.